शेरा : माहेरी गेली

सरकारी वजनकाट्यात कोकरू घालणं हा गुन्हा आहे की नाही, हे मी नोकरीत असेपर्यंत कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर वरच्या कार्यालयाने लेखी खुलासा मागवला असता, आणि तो पोचेपर्यंत कोकराची मेंढी झाली असती. आता पेन्शन सुरू झाली आहे, तेव्हा कबूल करून टाकते. घातलं होतं. एक नाही, सहा. तान्ह्या बाळांच्या झोळीत, एकामागून एक.

हे का करावं लागलं ते सांगायचं तर आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं. मी उपकेंद्रातली नर्स. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि पावसाळ्यात कपाटावर ठेवायची बादली. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. माझं केंद्र अलीकडच्या काठावर. तळेगाव ढमढेऱ्याहून जीप मिळायची. ती भरल्याशिवाय निघत नसे, आणि भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळायचं. माझ्याकडे तीन गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या. लोक मला आधी ‘नर्सबाई’ म्हणायचे, पुढे ‘सिस्टर’ म्हणायला लागले. चालायचं अंतर तेवढंच राहिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे इंजेक्शन. इंजेक्शन हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. आमचं खरं काम मोजण्याचं. बाई पोटुशी आहे असं कळलं की तिचं नाव वहीत. मग उंची एकदा, वजन दर महिन्याला, पोटावर बोटं ठेवून मूल किती वाढलं त्याचा अंदाज, आणि रक्त. रक्ताची रीत अशी, की काचेच्या नळीत थोडं आम्ल घ्यायचं, त्यात बोटातून काढलेलं रक्त सोडायचं, आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत राहायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. अकराच्या वर असावा. आमच्याकडे आठ-नऊवाली बाई ठणठणीत समजली जायची, कारण ती चालत आलेली असायची.

शेवटचं मोजमाप बाळाचं. हुकाला लटकवायचा काटा, खाली कापडी झोळी. काट्यावर तीन रंगांचे पट्टे: दोन किलोच्या आत लाल, दोन ते अडीच पिवळा, अडीचच्या पुढे हिरवा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो, म्हणून ही सोय. सोय चांगली होती, पण नऊ महिने उशिरा कळायची. लाल दिसला म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

गावात सगळ्यांचा एक ठाम समज होता, की पोटातलं मूल आईच्या अंगातून हवं ते ओढून घेतं, त्याला काही कमी पडत नाही. मोटार कितीही जोराची असली तरी विहिरीत पाणीच नसेल तर ती काय ओढणार? पण हे बोलून दाखवलं तर लोक विहिरीबद्दल बोलायला लागायचे. दुसरा समज, की मूल बारीक निपजलं तरी पुढे खाऊन भरून निघतं. थोडं निघतं, सगळं नाही. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर प्रशिक्षणात म्हणायचे, “पाया नऊ महिन्यांत भरला जातो, नंतर आपण करतो तो गिलावा.” मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. उतरवून घेतलेल्या वाक्यांचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असायची. एक बाई शाळेची भिंत खायची. हेडमास्तर स्वतः तक्रार घेऊन आले. “दुपारी येते, भिंतीचे पोपडे काढते आणि खाते. मुलं बघतात.” रक्त फार कमी झालं की बायकांना माती, राख, खडू असलं काहीबाही खावंसं वाटतं, ती चटक नसते, दुखणं असतं. तिचा आकडा सहा निघाला. गोळ्या सुरू केल्या, आणि ही खरंच खायची. हेडमास्तरांनी विचारलं, “शाळेला चुना द्यायचाय, देऊ का थांबू?” म्हटलं, दोन महिने थांबा. दीड महिन्यात भिंत सुटली. तिची मुलगी हिरव्यात जन्मली. शाळेला चुना मात्र पुढच्याच वर्षी लागला.

आता सुनंदाकडे येते, कारण हा लेख तिच्याबद्दल आहे. खरं तर तिच्या मुलीबद्दल आहे.

सुनंदा पहिल्यांदा माझ्या वहीत आली तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि ती लग्नात. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. घर धनगराचं. सासरे आप्पा, त्यांच्या वडिलांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. आप्पांनी मात्र जमीन धरली होती, बांधाला पक्कं घर होतं, आणि तीसएक मेंढ्या सवय म्हणून ठेवल्या होत्या. सासू द्वारकाबाई. नवरा कोरेगाव भीमाच्या बाजूला कारखान्यात, पाळीने. सुनंदाचं वजन एकोणचाळीस किलो, रक्त साडेसात. मी गोळ्या दिल्या आणि विचारलं, “घेशील ना?” ती म्हणाली, “व्हय.” मी वहीत बरोबरची खूण केली.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण झालं. मलाही बोलावणं होतं. हिरवी साडी, पाच प्रकारचं गोड, आणि मधोमध सुनंदा, जिला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी वाढलं गेलं. दुसऱ्या दिवशीपासून परत सगळ्यांच्या नंतर. त्यानंतर आठवड्याने पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली. माहेर नदीपलीकडे, यवतच्या अंगाला, दौंड तालुक्यात.

आणि मी वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला: ‘माहेरी गेली’.

आमच्या धंद्यात याहून गोड शब्द नाहीत. हे दोन शब्द लिहिले की त्या बाईचं वजन, रक्त, बाळंतपण, सगळं दुसऱ्या नर्सचं. तिकडच्या नर्सला वाटायचं, ही बाहेरून आलेली, हिची नोंद तिकडे आहे. दोघींच्या वह्या चोख. पहिलटकरणी, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त बघायला हवं त्याच, शेवटचे दोन-तीन महिने कुणाच्याच नसायच्या. कागदोपत्री त्या नदीत असायच्या. माहेरी पाठवण्याची चाल माया म्हणून पडली असेल, पण तिचा सरकारी उपयोग आम्ही शोधून काढला.

सुनंदा परत आली ती तीन महिन्यांची मुलगी घेऊन. नाव मनीषा, पण कुणी ते वापरलं नाही. आकाराकडे बघून सगळे ठकू म्हणायचे. जन्मतःचं वजन तिकडच्या चिठ्ठीवर होतं: एक किलो सातशे. लाल. ठकू जगली. खोकला गेला की जुलाब, जुलाब गेले की ताप, असं करत जगली. दोन वर्षांची होत आली तेव्हा चालली. द्वारकाबाई म्हणायच्या, “बारीक हाय, पर काटक हाय.” मीही मान हलवायचे. तेवढं एक मला चांगलं जमायचं.

ठकू तीन वर्षांची असताना सुनंदाला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी होतं, म्हणजे या वेळी मधे नदी नव्हती. वजन चाळीस, रक्त साडेसात. दुसरंही मूल ठकूसारखंच निघणार की काय, हा प्रश्न आता माझ्या एकटीच्या वहीत होता. मी शहाणी झाल्यासारखी दर पंधरवड्याला जायला लागले. गोळ्या मोजून द्यायचे, रिकामी पाकिटं मोजून घ्यायचे. पाकिटं बरोबर रिकामी व्हायची. दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. साडेसात. मला वाटलं माझं आम्ल जुनं झालंय. नवं आणलं. साडेसात.

एके सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. द्वारकाबाई मेंढवाड्यात बसल्या होत्या. घमेल्यात सरकी पेंड भिजवलेली, आणि त्या बोटांनी पेंडीत काहीतरी चुरत होत्या.

“मावशी, काय चाललंय?”

“पेंड.”

“पेंडीत काय?”

“गोळ्या.”

चेहऱ्यावर चोरीचा मागमूस नाही.

“कुणाच्या?”

“तुमच्याच की. सरकारी.”

“अहो, त्या सुनंदाला दिल्यात मी!”

“तिला न्हाई सोसत. मळमळतंय. आन् परसाकडंला काळं व्हतंय, मंग पोर काळं निपजलं म्हंजी? टाकून दिल्या असत्या, पर सरकारी वस्तू वाया कशाला घालवायची? रक्त वाढतंय म्हनला व्हता तुम्ही. ह्या चार गाभण हायत, ह्यास्नी घातल्या.”

मी घमेल्याशी बसले आणि पहिल्या मेंढीची खालची पापणी ओढून बघितली. आतून लालभडक. दुसरीची बघितली, तीही तशीच. दोन महिन्यांतलं माझं सगळं काम तिथे उभं राहून रवंथ करत होतं.

एवढ्यात आप्पा आले. माझं बोट मेंढीच्या डोळ्यात बघून थबकले. “तुमास्नी कुनी शिकवलं हे?”

“हे आमचं काम आहे, आप्पा. बायकांचं असंच बघतो.”

“आम्ही बी असंच बघतो,” ते म्हणाले. “पांढरं दिसलं की समजायचं, आतनं संपलंय.”

मला राग आला होता. राग आला की मी उगीच नीट बोलते, असं माझे यजमान म्हणत. मी अगदी नीट विचारलं, “आप्पा, या मेंढ्यांना पेंड, त्यांना नाही, असं का?”

“त्या मोकळ्या हायत. ह्या गाभण. शेवटचं दीड-दोन म्हयनं लई जपाया लागतं.”

“आणि नाही जपलं तर? कोकरू मरतं?”

“मरतंच असं न्हाई. जगतंय की. पर ते कवा म्होरं येत न्हाई बाई. मागनं किती बी चारा घाला, कळपात ते मागंच. लोकर इरळ, पाय बारीक, जरा गार वारं सुटलं की पयलं तेच खोकतंय. आन् पुढं त्याची मेंढी झाली तर तिचं कोकरू बी तसलंच. मागं पडल्याला कळप एका वेतात न्हाई सुधरत. दोन-तीन वेतं जात्यात.”

एवढं बोलून आप्पा थांबले. मेंढवाड्याच्या तोंडाशी ठकू उभी होती. नाकाला शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा, तीन वर्षांची असून दोनची दिसणारी. ती खोकली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं त्या माणसाला आधीपासून ठाऊक होतं. फक्त ते मेंढ्यांच्या खात्यात होतं, सुनेच्या नव्हतं.

मी सुनंदाला हाक मारली. ती पदर पुढे ओढून दारात आली. आमच्या भागात तेव्हा सासरा सुनेच्या तोंडाकडे बघत नसे, आणि सून तसं बघू देत नसे. मी तिचा पदर मागे केला, पापणी खाली ओढली आणि म्हटलं, “आप्पा, या इकडे. बघा.”

द्वारकाबाई म्हणाल्या, “अहो बाई, काय हे!”

आप्पा आले. सुनेच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त पापणीकडे बघायचं, हे त्यांनी कसं साधलं कोण जाणे. पापणी भिजलेल्या कागदासारखी होती.

“अशी मेंढी असती तर?” मी विचारलं.

आप्पांनी पागोटं सारखं केलं. “कळपासंगं वाटेवर घेतली नसती,” ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

तोंड फिरवून रडायला लागल्या त्या द्वारकाबाई. मला वाटलं, वरमल्या. तसं नव्हतं. त्यांची एक धाकटी बहीण होती. ते सगळे कळप घेऊन वाटेवर असताना तिचे दिवस भरले. तीन दिवस अडली. माळावर, पालात. चौथ्या दिवशी दोघंही गेली. मूल मोठं होतं, असं सुईण म्हणाली.

“लाडाची व्हती. बा तिला रोज दूध द्यायचा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “खाल्लं की पोर मोठं व्हतं, बाई. मोठं पोर अडतं. तवापास्नं म्या ठरिवलं, पोटुशीला पोटभर वाढायचं न्हाई. पोर बारीक का असंना, पर बाई जगंल.”

आम्ही नर्सा याला अडाणीपणा म्हणत होतो. मीही म्हणत होते, तीन वर्षं, त्याच घरातला चहा पिऊन. त्या बाईने आपल्या सुनेचा जीव वाचवायचा म्हणून तिला अर्धपोटी ठेवलं होतं. जिथे अडलेल्या बाईला कुठे न्यायची सोयच नाही, तिथे हा हिशेब चूक नव्हता. मला फार लाज वाटली.

मी म्हटलं, “मावशी, आता शिरूरला दवाखाना आहे. अडलं तर पोट उघडून मूल काढतात, आई जगते. जीप मी आणते. जीपमध्ये मी बसते. पण हिला खाऊ द्या.”

“तुम्ही बसाल?”

“मी बसेन.”

आप्पांनी बाहेरून अट घातली. सुनेचं मूल ज्या काट्यावर तोलणार तो काटा खरा कशावरून? सरकारी वस्तूंचा त्यांना वाईट अनुभव होता. कोकराचं वजन मात्र त्यांना हातानेच कळायचं, तेव्हा काटा आधी कोकरांवर पडताळायचा. त्या पंधरवड्यात मेंढ्या व्यायल्या. चारांची सहा कोकरं, दोघींना जुळी. ओसरीच्या तुळईला मी काटा अडकवला. आप्पा कोकरू हातावर घ्यायचे, डोळे मिटून आकडा सांगायचे, मग मी ते झोळीत घालायचे. पाच वेळा आप्पा आणि काटा जुळले. सहाव्या वेळी नाही. काटा चुकला, असं आप्पांनी जाहीर केलं. मी वाद घातला नाही.

सहाही कोकरं हिरव्यात होती, जुळी धरून. त्या वर्षी माझ्या वहीच्या कुठल्याही पानावर एवढा हिरवा नव्हता. झोळी मी नंतर तीनदा उकळली, हेही नोंदवून ठेवते.

त्या दिवसापासून सुनंदा सगळ्यांच्या आधी जेवायला लागली. सासरा सुनेशी थेट बोलत नसल्यामुळे आप्पा ओसरीवरून भिंतीला विचारायचे, “खाल्लं का?” आतून सुनंदा वाटीवर चमचा वाजवायची. एकदा वाजलं की खाल्लं, दोनदा वाजलं की अजून खाते आहे. गोळी जेवणावर, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, त्याने मूल काळं होत नाही, हे मी द्वारकाबाईंना चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्या दुसऱ्या बाईला सांगताना ऐकलं, तेव्हा थांबले.

नवव्या महिन्यात, भर दुपारी, कळा सुरू झाल्या. जीप आणली. जीपमध्ये बसले. शिरूरपर्यंत द्वारकाबाईंनी माझा दंड सोडला नाही. चार बोटांचे वळ आठवडाभर होते. काही अडलं नाही. मुलगा झाला, दोन किलो आठशे. द्वारकाबाईंनी आधी सुनेचा हात हातात घेतला, मग नातवाकडे बघितलं.

पुढे माझी बदली दौंड तालुक्यात झाली, यवतच्या बाजूला. नदी ओलांडून मी ‘तिकडची नर्स’ झाले आणि माहेरी आलेल्या बायकांना विचारायला लागले, “तुझी नोंद कुठे आहे?” मग माझी मलाच शरम वाटायची आणि मी नाव लिहून घ्यायचे. तिथे काळही बदलत होता. हायवेला ढाबे आले, घरात गाड्या आल्या, बायकांचं शेतात जाणं सुटलं. एका घरी चार किलो तीनशेचं मूल झालं तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. मला दोन दिले. आईच्या रक्तात साखर होती, म्हणून मूल एवढं फुगलेलं. अशा मुलाला पुढे साखरेचा धोका असतो, त्याच्यावर नजर ठेवा, असं मी सांगितलं. आजोबा म्हणाले, “तुमचं बाई काही कळत नाही. बारीक झालं तरी ओरडता, मोठं झालं तरी ओरडता.” काट्यावर चौथा रंग नव्हता, त्याला मी काय करणार?

काही वर्षांनी परत अलीकडच्या काठावर आले. तेच केंद्र, तेच कपाट, बादली नवी.

आणि एका मंगळवारी दारात ठकू उभी. एकोणीस वर्षांची, हिरवी साडी, सात महिन्यांचं पोट. बरोबर आप्पा, काठी टेकत. ठकूला दिली होती यवतच्या पलीकडे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. तिच्या हातात तिकडचं कार्ड होतं. मी शेवटचा रकाना बघितला. तिकडच्या कुण्या नर्सने, नवी असावी, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘माहेरी गेली’.

मी ठकूला उंचीच्या पट्टीला उभं केलं. एकशे त्रेचाळीस. एकशे पंचेचाळीसच्या आतल्या बाईचं कार्ड आम्ही ‘जोखमीची माता’ म्हणून वेगळं ठेवतो, कारण कमरेचं हाड लहान असतं, मूल अडू शकतं. वजन त्रेचाळीस. रक्त आठ. तिचा पाठचा भाऊ, तो कोकरांच्या वर्षाचा, पंधराव्या वर्षीच तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. एकाच चुलीवरची भाकरी खाऊन वाढलेली दोघं. एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, मी डॉक्टर नाही. पण त्या दोघांना शेजारी उभं बघितलं की मला वहीतली दोन पानं दिसायची.

“बाई,” ठकू म्हणाली, “मी पयल्यापास्नं अशीच हाय. शाळेत बी लाइनीत पयली. जरा चाललं की दम लागतोय. सासूबाई म्हनत्यात, आईनं दूध पाजलं न्हाई व्हय? आई म्हनती, पाजलंय. मग माझ्यातच काय कमी हाय?”

आप्पा जमिनीकडे बघत होते.

“तुझ्यात काही कमी नाही,” मी म्हटलं. “तू पोटात होतीस तेव्हा कमी पडलं. तुझ्या आईला पोटभर मिळत नव्हतं आणि तिच्यात रक्त नव्हतं. मला माहीत होतं. मी आकडा लिहिला, खूण केली, आणि तुझी आई माहेरी गेली तेव्हा तसा शेरा मारून वही मिटली. तिकडे कुणी बघितलं नाही. मी विचारलंही नाही. माझं चुकलं, ठकू.”

एवढी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

ठकूने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या पेनकडे. “मग आता काय लिव्हताय?”

मी नवी वही काढली. नाव, वय, उंची, वजन, रक्त. पान लाल शाईने आखलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘माहेरी आली’.

नंतरचे दोन महिने मी एक दिवसाआड त्या घरी गेले. अगदीच अशक्त होती तेव्हा रक्तासाठी शिरूरला नेऊन सलाइनमधून औषध दिलं. गोळी माझ्यासमोर. शेवटी डॉक्टरांनी आधीच तारीख ठरवून ऑपरेशन केलं, कारण कंबर लहान होती. जीपमध्ये मी बसले. वाट पाहण्यात गेला तो तास मी सांगत नाही. मुलगी झाली. दोघी जगल्या.

आठव्या दिवशी मी घरी गेले आणि ओसरीच्या त्याच तुळईला काटा अडकवला. दवाखान्यात वजन झालं होतं, पण आप्पांचा दवाखान्याच्या काट्यावर विश्वास नव्हता. मुलीला झोळीत घातलं. काटा हलला आणि थांबला. दोन किलो चारशे.

मला हिरवा हवा होता. दोन महिने मी त्या शंभर ग्रॅमसाठी चालले होते.

कोपऱ्यात द्वारकाबाई बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. “कंचा रंग?” त्यांनी विचारलं.

“पिवळा,” मी म्हटलं.

“आन् ठकी जल्मली तवा?”

“लाल.”

म्हातारीने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. “मंग चाललंय की म्होरं,” ती म्हणाली.

आप्पांनी तान्हीला झोळीतून उचललं, तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. “काटा बरोबर हाय,” ते म्हणाले. ठकू हसली, “आप्पा, मी काय मेंढी हाय व्हय?” तेव्हा आप्पांनी डोळे उघडले. आत तोंड करून नेहमीसारखं भिंतीला विचारलं, “पोरगीला वाढलं का?”

आतून सुनंदाने वाटीवर चमचा वाजवला, दोनदा. मग ती ताट घेऊन बाहेर आली आणि ठकूसमोर ठेवलं. भाकरी, मेथीची भाजी, वर तूप. मी वजन वहीत लिहीपर्यंत ठकूच्या ताटात दुसरी भाकरी पडली. घरात अजून कुणी जेवलं नव्हतं.